मास्टोडॉन ब्राउझरमध्ये कसं वापरायचं: नागपुरातून मराठीत लिहिणाऱ्यांसाठी

मास्टोडॉन या समाजमाध्यमावर पहिल्यांदा लॉगिन केलं की मधला रकाना जवळजवळ रिकामा दिसतो. काही बिघडलेलं नसतं. तुमच्यापुढे काय आणायचं हे परस्पर ठरवणारी यंत्रणा या रकान्यामागे, म्हणजे होम टाइमलाइनमागे, नाही. तुम्ही फॉलो केलेली माणसं आणि हॅशटॅग, एवढंच तिथे येतं, तेही वेळेच्या क्रमाने, नवं वर. ‘इथे मराठी दिसतच नाही’ आणि ‘माझं कुणी वाचतच नाही’ या दोन तक्रारी सर्रास ऐकू येतात. दोन्हींची कारणं बहुतेक वेळा सर्व्हरची निवड, भाषेचं बटण आणि हॅशटॅगचं स्पेलिंग यांत सापडतात. ही तीन कामं आधी नीट करा, बाकीचं सवयीने जमतं.

सर्व्हर आणि खातं

मास्टोडॉन म्हणजे एक वेबसाइट नव्हे. ऑयगेन रोच्को यांनी २०१६ साली जर्मनीतून सुरू केलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते कुणीही आपल्या सर्व्हरवर चालवू शकतं, आणि असे हजारो सर्व्हर ॲक्टिव्हिटीपब या ठरलेल्या पद्धतीने एकमेकांशी बोलतात. खातं एका सर्व्हरवर काढायचं आणि बोलायचं सगळ्यांशी, ईमेलसारखं. म्हणून तुमचा पूर्ण पत्ता @नाव@सर्व्हर असा दोन भागांचा असतो. कुणाला पत्ता सांगताना दुसरा भाग गाळू नका, कारण तेच नाव दुसऱ्या सर्व्हरवर दुसऱ्याच माणसाचं असू शकतं.

सर्व्हर निवडताना त्याचं ‘अबाउट’ पान पूर्ण वाचा. नियम, चालवणाऱ्याचा संपर्क आणि बऱ्याच ठिकाणी कोणत्या सर्व्हरांशी संबंध तोडले आहेत त्याची यादीही तिथेच मिळते. सुरुवात करणाऱ्याने मध्यम किंवा मोठा, काही वर्षं टिकलेला सर्व्हर घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. अगदी छोट्या सर्व्हरवर बाहेरच्या पोस्ट कमी पोहोचतात. कारण पुढे येईलच.

काही सर्व्हर नोंदणीच्या वेळी ‘का यायचं आहे’ असं विचारतात. ‘हाय’ लिहून पाठवलं तर अर्ज पडून राहतो. ‘नागपुरात राहतो, पक्षिनिरीक्षण आणि शहरातल्या पाण्याच्या प्रश्नावर मराठीत लिहायचं आहे’ अशी एक खरी ओळ पुरते. खात्री करण्याचा ईमेल दिसला नाही तर स्पॅम फोल्डर उघडा.

खात्याचं नाव रोमन अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर एवढ्यातच बसवावं लागतं आणि नंतर बदलता येत नाही. त्यात वर्ष किंवा नोकरीचं नाव घालू नका. त्याच्या वर दिसणारं नाव मात्र देवनागरीत ठेवा. त्याला ३० अक्षरांची मर्यादा आहे आणि ते केव्हाही बदलता येतं. फोटो आणि दोन ओळींची ओळख भरल्याशिवाय लोकांना फॉलो करायला निघू नका, कोरं प्रोफाइल बघून बरेच जण पुढे जातात. त्याच बैठकीत ‘अकाउंट’मध्ये जाऊन टू-फॅक्टर, म्हणजे लॉगिन करताना पासवर्डसोबत मागितली जाणारी दुसरी खात्री, सुरू करा. तेव्हा मिळणारे रिकव्हरी कोड कागदावर उतरवून ठेवा.

भाषा: तीन वेगळी बटणं

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. ‘प्रेफरन्सेस’मधल्या ‘अपिअरन्स’ पानावर इंटरफेसची भाषा मराठी करता येते, पण ते भाषांतर अपुरं आहे, त्यामुळे काही मेनू इंग्रजीतच दिसतील. ही सेटिंग फक्त बटणांवरच्या नावांपुरती आहे, तुमच्या पोस्टशी तिचा काही संबंध नाही.

दुसरी सेटिंग पोस्टिंगच्या भाषेची. सर्व्हरच्या आवृत्तीनुसार ती ‘अदर’ किंवा ‘पोस्टिंग डिफॉल्ट्स’ या पानावर असते. तिथे मराठी निवडून सेव्ह करा. लिहायच्या चौकटीतही भाषेचं छोटं बटण आहे. नागपुरात एकच माणूस सकाळी मराठीत आणि दुपारी हिंदीत लिहितो. त्याने प्रत्येक पोस्टपूर्वी हे बटण बघितलंच पाहिजे. मराठी मजकुरावर ‘इंग्रजी’चा शिक्का राहिला तर ज्यांनी फक्त मराठी निवडली आहे त्यांच्या सार्वजनिक टाइमलाइनवर, म्हणजे सर्व्हरवर पोहोचलेल्या सगळ्यांच्या पोस्टच्या रकान्यात, ती पोस्ट येत नाही. भाषांतराची सोय असलेल्या सर्व्हरवर भाषांतरही चुकीच्या भाषेतून होतं. दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडरही याच शिक्क्यावरून आवाज निवडतो. देवनागरी मजकूर इंग्रजी आवाजात वाचला गेला की त्यातलं काहीच कळत नाही.

तिसरी सेटिंग म्हणजे ‘फिल्टर लँग्वेजेस’. इथे ज्या भाषांवर खूण कराल तेवढ्याच सार्वजनिक टाइमलाइनवर दिसतात. एकही खूण नसेल तर सगळ्या भाषा दिसतात, म्हणून सुरुवातीला सगळ्या खुणा काढून ठेवा. फक्त मराठीवर खूण केली की टाइमलाइन कोरडी पडते आणि माणूस दोन दिवसांत कंटाळतो.

हॅशटॅग: ‘नागपूर’ आणि ‘नागपुर’ एक नव्हेत

मराठीत आपण नागपूर दीर्घ लिहितो, हिंदीत नागपुर ऱ्हस्व. मास्टोडॉनच्या लेखी हे दोन वेगळे टॅग आहेत आणि रोमन लिपीतला तिसरा. त्यात आपली विभक्ती येते. वाक्यात सहज लिहिलेला #नागपुरात हा चौथाच टॅग होतो, ज्याला कुणी फॉलो करत नाही. म्हणून टॅग वाक्यात गुंफू नका. मजकूर संपला की शेवटी वेगळ्या ओळीत मूळ रूपात द्या: #नागपूर #अंबाझरी #पाऊस. दोन ते चार पुरेत. टॅगमध्ये मोकळी जागा किंवा जोडरेघ चालत नाही, टॅग तिथेच तुटतो. #काळी_मारबत असं अंडरस्कोरने जोडा. नुसत्या अंकांचा टॅग बनत नाही.

वाचण्यासाठी टॅग शोधा, त्याचं पान उघडा आणि वरचं फॉलोचं बटण दाबा. त्या टॅगच्या पोस्ट होममध्ये येऊ लागतात. रोजच्या वापराला याहून उपयोगी सोय या वेब इंटरफेसमध्ये दुसरी नाही.

लॅपटॉप किंवा मोठा पडदा असेल तर ‘अपिअरन्स’मध्ये ‘एनेबल ॲडव्हान्स्ड वेब इंटरफेस’वर खूण करून सेव्ह करा. आता रकाने शेजारीशेजारी मांडता येतात. समजा शहरातल्या पावसाची बातमी एका ठिकाणी हवी आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरीचं पाणी वस्त्यांत शिरलं, तशा वेळी नवं वर या क्रमाने येणारा रकाना फार उपयोगाचा असतो. आधी #नागपूर शोधून उघडा. रकान्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातलं सेटिंगचं चिन्ह दाबून तो ‘पिन’ करा. मग त्याच चिन्हाखाली जादा टॅग जोडायचा पर्याय सुरू करा. ‘यांपैकी कोणताही’च्या चौकटीत नागपुर आणि रोमन स्पेलिंग टाका. ‘हे सगळे’मध्ये पाऊस घातलं तर फक्त पावसाच्या पोस्ट उरतात. ‘यांपैकी एकही नको’मध्ये नोकरीच्या जाहिरातींचा टॅग घाला, रकाना लगेच स्वच्छ होतो. पोस्ट भराभर येऊन पान सरकत राहिलं तर ‘अपिअरन्स’मधला ‘स्लो मोड’ सुरू करा, म्हणजे क्लिक केल्यावरच नव्या पोस्ट दिसतील.

लिहिताना

पोस्टची मर्यादा सहसा ५०० अक्षरांची, काही सर्व्हर ती वाढवतात. लिंक कितीही लांब असली तरी २३ अक्षरंच धरली जाते. कुणाचा उल्लेख केला तर पत्त्यातला सर्व्हरचा भाग मोजत नाहीत. चौकटीजवळचा आकडा उलटा मोजत जातो, तो शून्याखाली गेला की पोस्टचं बटण चालत नाही. कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबलं की पोस्ट जाते.

एका पोस्टला सहसा चार चित्रं जोडता येतात. जनमत चाचणी आणि चित्र एकत्र टाकायला गेलात तर बऱ्याच सर्व्हरवर जमत नाही, दोन वेगळ्या पोस्ट करा. चित्र चढलं की त्यावरचं ‘ऑल्ट’ किंवा ‘एडिट’ दाबून वर्णन लिहा. इथे ते लिहिण्याची प्रथा पक्की आहे. वर्णन नसलेलं चित्र पुढे न पाठवणारे बरेच जण आहेत. ‘मारबत फोटो’ हे वर्णन नव्हे. ‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मिरवणूक, मधे गर्दीच्या डोक्यावरून दिसणारी पिवळी मारबत, दोन्ही बाजूंना गच्चीत उभे लोक’ असं लिहा. चित्रात मजकूर असेल, उदाहरणार्थ पाणीपुरवठा बंद असल्याची सूचना, तर तो मजकूर जसाच्या तसा उतरवा. १५०० अक्षरांपर्यंत जागा मिळते.

चूक झाली तर ‘एडिट’ वापरा. ‘डिलीट अँड री-ड्राफ्ट’ने जुनी पोस्ट पुसली जाते आणि तिच्यावरचे बूस्ट, फेव्हरिट सगळे जातात. फेव्हरिट आणि बूस्ट यांतला फरकही समजून घ्या. चांदणी दाबली तर लेखकाला शाबासकी पोहोचते, पोस्ट कुठेही पसरत नाही. पसरवायची असेल तर बूस्टच करावं लागतं. मराठी पोस्ट आवडली आणि नुसती चांदणी दाबून थांबलात, तर तुमच्या फॉलोअर्सना ती कळणारच नाही. स्वतःसाठी ठेवायची असेल तर बुकमार्क करा, ते फक्त तुम्हालाच दिसतात.

कुणाला दिसेल?

चौकटीतल्या पृथ्वीगोलाच्या चिन्हाखाली चार पर्याय आहेत. पब्लिक म्हणजे सगळीकडे. अनलिस्टेड, ज्याला नव्या आवृत्तीत ‘क्वाएट पब्लिक’ म्हणतात, तोही सगळ्यांना उघडतो, पण सार्वजनिक टाइमलाइन आणि हॅशटॅगमध्ये येत नाही. टॅग टाकूनही पोस्ट सापडत नसेल तर आधी हे चिन्ह बघा. एकाखाली एक जोडलेल्या पोस्टच्या लांबलचक धाग्यात पहिली पोस्ट पब्लिक आणि पुढच्या अनलिस्टेड ठेवल्या तर इतरांच्या टाइमलाइनवर गर्दी होत नाही.

‘फॉलोअर्स’ हा तिसरा पर्याय वाटतो तितका बंदिस्त नाही, कारण कुणीही तुम्हाला फॉलो करू शकतं. खरोखर मर्यादित वाचक हवे असतील तर प्रोफाइलच्या ‘प्रायव्हसी अँड रीच’मध्ये नवे फॉलोअर आपोआप स्वीकारण्याची खूण काढा.

चौथा, ‘प्रायव्हेट मेन्शन’, फार जपून वापरा. पोस्टमध्ये ज्यांचा पत्ता आहे त्या सगळ्यांना ती पोस्ट जाते. दोघांच्या बोलण्यात तिसऱ्या माणसाचा ॲट लावून उल्लेख केला की तोही त्या बोलण्यात ओढला जातो आणि त्याच्याबद्दलचं ते वाक्य त्याला मिळतं. ॲट काढून साधं नाव लिहा. शिवाय हे संदेश दोन्ही टोकांना कुलूपबंद नसतात, सर्व्हर चालवणाऱ्याला ते तांत्रिकदृष्ट्या वाचता येतात. आधार क्रमांक, बँकेचा तपशील, ओटीपी इथे कधीही टाकू नका.

बाहेरच्या सर्व्हरची पोस्ट अर्धवट का दिसते

तुमच्या सर्व्हरकडे सगळ्या जगाची प्रत नसते. त्याच्यावरचं कुणीतरी ज्याला फॉलो करतं, त्याच्या पोस्ट तिथे येऊन साठतात. म्हणून कुणाचं प्रोफाइल उघडलं तर शेकडो पोस्ट असूनही तीनच दिसू शकतात, किंवा मूळ पानावर बारा प्रत्युत्तरं असताना तुमच्याकडे चारच. छोट्या सर्व्हरवर #नागपूर ओस दिसतो तोही याचमुळे. मेनूतून मूळ पान उघडा, तिथे सगळं असतं.

मूळ पानावर तुम्ही लॉगिन केलेलं नसतं, म्हणून तिथून उत्तर देता येत नाही. त्या पोस्टचा पत्ता कॉपी करा, आपल्या सर्व्हरच्या शोधाच्या चौकटीत चिकटवा आणि एंटर दाबा. पोस्ट तुमच्याकडे येईल, मग बूस्ट, उत्तर काय हवं ते करा. माणसासाठीही तसंच, पूर्ण @नाव@सर्व्हर टाका. अर्धं नाव टाकल्याने ‘सापडत नाही’ म्हणणारे पुष्कळ. मजकुरातला शब्द शोधायची सोय मात्र सगळ्या सर्व्हरवर नाही, आणि असली तरी लेखकाने परवानगी दिलेल्या पोस्टच त्यात येतात. तुमचं लिखाण शोधात यावं असं वाटत असेल तर तीही खूण ‘प्रायव्हसी अँड रीच’मध्येच आहे.

नको ते गाळणं

डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरलं की आठवडाभर त्याचीच चर्चा असते. ‘फिल्टर्स’मध्ये नवा फिल्टर करा, शब्द द्या, मुदत एक आठवड्याची ठेवा. इथेही मराठीची अडचण आहे. ‘पूर्ण शब्द’ ही खूण ठेवली तर ‘अधिवेशन’ गाळलं जाईल पण ‘अधिवेशनात’ सुटेल. खूण काढा. ‘निवडणूक’ला तेवढंही पुरत नाही, कारण पुढे प्रत्यय लागला की णू ऱ्हस्व होतो. एकाच फिल्टरमध्ये ‘निवडणूक’ आणि ‘निवडणुक’ दोन्ही घाला, म्हणजे निवडणुकीत, निवडणुकांचा सगळं पकडलं जाईल. खूण काढल्यावर फार छोटा शब्द देऊ नका. ‘मत’ दिलंत तर ‘किंमत’ असलेली संत्र्याच्या भावाची पोस्टही जाईल.

सर्व्हर बदलताना

क्रम चुकला की अडतं. आधी जुन्या खात्यातून ‘इम्पोर्ट अँड एक्सपोर्ट’मध्ये जाऊन फॉलो, म्यूट, ब्लॉक आणि बुकमार्कच्या फायली उतरवा. नव्या सर्व्हरवर खातं काढा आणि तिथल्या ‘अकाउंट’ पानावर ‘दुसऱ्या खात्यावरून येत आहे’ या पर्यायात जुना पूर्ण पत्ता नोंदवा. त्यानंतरच जुन्या खात्यात परत येऊन ‘दुसऱ्या खात्यावर हलवा’ निवडा, नवा पत्ता आणि पासवर्ड द्या. नव्या बाजूची नोंद आधी नसेल तर जुनं खातं पुढे जाऊच देत नाही. फॉलोअर हळूहळू आपोआप सरकतात. तुम्ही ज्यांना फॉलो करता ते मात्र उतरवलेल्या फायलीतून नव्या ठिकाणी चढवावे लागतात. जुन्या पोस्ट जुन्याच ठिकाणी राहतात आणि पुन्हा खातं हलवायचं तर ३० दिवस थांबावं लागतं. सर्व्हर बंद होत असल्याची सूचना आली तर हे सगळं तो चालू असेपर्यंतच उरकायला हवं, कारण हलवण्याचा निरोप जुन्या सर्व्हरनेच पाठवायचा असतो.