'सायलेंट विटनेस' पाहताना शवविच्छेदनाच्या टेबलाकडे कसे पाहावे

बीबीसीची 'सायलेंट विटनेस' ही मालिका १९९६ साली सुरू झाली. एकेकाळी स्वतः पोलिस दलात असलेले नायजेल मॅक्रेरी हे तिचे जनक. सुरुवातीला अमांडा बर्टन यांनी साकारलेली सॅम रायन आणि २००४ पासून एमिलिया फॉक्स यांची निकी अलेक्झांडर या न्यायवैद्यक तज्ज्ञ तिच्या केंद्रस्थानी राहिल्या आहेत. एवढी लांबलेली मालिका पहिल्यापासूनच पाहिली पाहिजे असे नाही, कारण बहुतेक कथा दोन भागांत पूर्ण होतात. तरीही केंब्रिजमध्ये घडणाऱ्या सुरुवातीच्या कथांपासून आरंभ करावा, असे मी आग्रहाने सुचवेन. दोन्ही भाग शक्यतो लागोपाठ पाहावेत, म्हणजे पहिल्या भागात शवागारात ओझरती दिसलेली खूण दुसऱ्या भागापर्यंत लक्षात राहते.

खुनी कोण, याचा अंदाज बांधण्याची घाई करू नये. मृतदेह कसा सापडला, हे आधी नीट पाहावे: तो पालथा आहे की उताणा, अंगावरचे कपडे जागच्या जागी आहेत का, आणि कातडीवर जांभळट डाग कोणत्या बाजूला आहेत. हृदय थांबल्यावर रक्त शरीराच्या खालच्या भागात साचते आणि तिथली कातडी जांभळी होते. मात्र उताण्या देहाच्या खांद्यांची पाती आणि नितंब जमिनीवर दाबले गेलेले असल्यामुळे तेवढे भाग फिकेच राहतात. काही तासांनी हे डाग पक्के होतात. म्हणून देह पालथा सापडला आणि डाग मात्र पाठीवर असले, तर मृत्यूनंतर बऱ्याच वेळाने कोणीतरी तो हलवला आहे, हे डॉक्टरांनी तोंड उघडण्याआधीच आपल्या ध्यानात येते. तसेच तळहातांवरचे आणि कोपराखालच्या हातावरचे काप जरूर पाहावेत, कारण वार अडवताना माणसाचे हातच पुढे येतात.

मृत्यूची वेळ सांगितली जाते तेव्हा विशेष सावध असावे. शरीराचे तापमान, ताठरता आणि डाग यांवरून वेळेची एक मर्यादा ठरते, घड्याळातला नेमका क्षण ठरत नाही. ताठरता साधारणपणे जबडा, मान अशा लहान स्नायूंत आधी जाणवते आणि पुढे सर्वांगात पसरते, परंतु उष्ण हवेत ती लवकर येते आणि लवकर उतरते. त्यामुळे इंग्लंडच्या थंडीतले आडाखे विदर्भातल्या मे महिन्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत. पात्राने 'रात्री दहा ते बारा' असे म्हटले, तर ती मर्यादा कशावरून काढली, हे दृश्यात शोधावे. ते दिसत नसेल, तर तिथे लेखकाने सोयीपुरते शास्त्र वापरले आहे असे समजावे.

मालिकेतले डॉक्टर संशयितांच्या घरी जाऊन प्रश्न विचारतात, तो नाट्याचा भाग आहे. प्रत्यक्षात मृत्यूचे कारण ठरवणे आणि न्यायालयात साक्ष देणे हे त्यांचे काम. संशयिताची चौकशी पोलिस करतात. इंग्लंडमध्ये संशयास्पद मृत्यूची चौकशी कॉरोनर, म्हणजे मृत्यू कोणाचा आणि कसा झाला हे ठरवणारा न्यायिक अधिकारी, करतो. मुंबईतही १९९९ पर्यंत कॉरोनरचे पद होते, हे जुन्या मुंबईकरांना आठवत असेल. आता आपल्याकडे पोलिसांचा पंचनामा, सरकारी रुग्णालयातील शवविच्छेदन आणि गरज पडल्यास व्हिसेरा (मृतदेहातील अंतर्गत अवयवांचे नमुने) न्यायवैज्ञानिक प्रयोगशाळेत पाठवणे, असा क्रम असतो. व्हिसेऱ्याचा अहवाल यायला अनेकदा बराच काळ लागतो. पडद्यावर मात्र विषाचे नाव पुढच्याच दृश्यात कळते.

कथा संपल्यावर पहिल्या भागातले शवागाराचे दृश्य पुन्हा एकदा लावावे. डॉक्टर कोणत्या जखमेपाशी थांबले, कशाचे माप घेतले आणि कशाचा उल्लेख न करता पुढे गेले, हे तेव्हा स्पष्ट दिसते. उकल प्रामाणिकपणे रचलेली असेल, तर तिचे निदान एक तरी सूत्र त्या टेबलावर सापडते.