जुन्या बंद पेटीच्या स्पीकरचा हरवलेला बास कसा परत मिळवावा

एडगर व्हिल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी १९५४ साली अमेरिकेतील केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथे अकूस्टिक रिसर्च ही कंपनी सुरू केली आणि एआर-१ हा स्पीकर बाजारात आणला. वूफरचा, म्हणजे खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या भागाचा, कोन (पुढेमागे हलणारा शंकूसारखा पडदा) मुद्दाम सैल टांगायचा आणि त्याला जागेवर परत आणण्याचे काम मुख्यतः पेटीत कोंडलेल्या हवेवर सोपवायचे, हे त्याचे सूत्र होते. १९५८चा एआर-३ आणि १९६७चा एआर-३ए याच सूत्रावर बांधलेले आहेत, आणि पखवाजाच्या धुम्याचा घुमारा अशा आटोपशीर पेटीतून भरदार ऐकू येतो तो त्यामुळेच. मात्र हवा हीच स्प्रिंग असल्याने पेटीला बारीकशी गळती लागली तरी बास ओसरतो. म्हणून अशा स्पीकरचा बास कमी झाला की अँप्लिफायर किंवा कपॅसिटर यांना दोष देण्याआधी हवा कुठून निसटते ते शोधावे.

तत्पूर्वी जोडणी मात्र तपासून घ्यावी. दोहोंपैकी एका स्पीकरच्या तारा उलट लागल्या असतील, तर एक कोन पुढे येताना दुसरा मागे जातो आणि बास परस्परांत विरून जातो. अँप्लिफायरपासून तारा सोडवून १.५ व्होल्टचा सेल क्षणभर स्पीकरच्या टर्मिनलना लावावा. धन टोक लाल टर्मिनलला लावल्यावर दोन्ही वूफर एकाच दिशेने हलले पाहिजेत. बहुतेक स्पीकरमध्ये कोन बाहेर येतो, परंतु जुन्या जेबीएलमध्ये तो आत जातो, तेव्हा दिशेपेक्षा दोन्हींची एकवाक्यता महत्त्वाची.

आता जाळी काढून वूफर उजेडात पाहावा. कोनच्या कडेभोवती फोमची रिंग असेल आणि ती बोट लावताच डांबरासारखी चिकटत असेल किंवा तिचा काळसर भुगा पडत असेल, तर निदान तिथेच झाले. हा पॉलियुरेथेन फोम हवेतील ओलाव्याने हळूहळू विघटित होतो, त्यामुळे मुंबई-कोकणाच्या दमट हवेत तो टिकणे अधिकच कठीण. रिंग शाबूत दिसली, तर डस्ट कॅपच्या (कोनच्या मधोमध असलेल्या टोपीच्या) भोवती बोटे समान अंतरावर ठेवून कोन सरळ, हलक्या हाताने थोडा आत दाबावा आणि सोडावा. पेटी हवाबंद असेल तर तो सावकाश, जणू तेलातून यावा तसा, परत येतो. झटकन उसळला तर गळती आहे. पोर्ट असलेल्या स्पीकरला ही कसोटी लागू नाही, कारण तिथे पेटीला मुळातच वाट ठेवलेली असते. दाबताना आतून खरखर आली, तर व्हॉइस कॉइल (कोनला मागून जोडलेले तारेचे वेटोळे) घासते आहे; असा वूफर रिकोनिंग, म्हणजे कोन आणि कॉइल नव्याने बसवण्याचे काम, करणाऱ्या जाणत्या कारागिराकडे न्यावा.

गळतीची नेमकी जागा सापडावी म्हणून ३० हर्ट्झच्या आसपासचा टेस्ट टोन माफक आवाजात लावावा आणि उदबत्तीचा धूर वूफरच्या कडेने, टर्मिनलच्या पट्टीजवळून आणि पेटीच्या सांध्यांवरून फिरवावा. जिथे हवा निसटते तिथे धूर थरथरतो. जाळीचे कापड आणि फोम यांपासून निखारा दूर ठेवावा. वूफरखालची जुनी पुट्टी वाळून भेगाळलेली असेल, तर ती खरवडून मऊ राहणारी, कधीही न वाळणारी पुट्टी लावावी. एम-सील इथे वापरू नये, कारण ते दगडासारखे घट्ट होते आणि पुढच्या वेळी वूफर काढताना पेटीचे लाकूडच उखडते. पेटीतील काचतंतूचा भराव हातमोजे आणि मास्क घालून काढावा आणि तेवढाच परत भरावा. त्याचे प्रमाण बदलले की बासही बदलतो.

एआर-३सारख्या काही स्पीकरची रिंग कापडाची असते आणि तिच्यावरचा लेप वाळला की कापडाच्या विणीतून हवा झिरपते. अशा वेळी कायम लवचीक राहणारा ब्युटाइल रबरचा लेप योग्य विरलकाने (थिनरने) पातळ करून, खेळत्या हवेत बसून, ब्रशने एकच बारीक थर द्यावा आणि पूर्ण वाळल्यावर दाबाची कसोटी पुन्हा घ्यावी. थर जाड झाला तर रिंग ताठरते, आणि आपण हवा अडवली तरी बास परत येत नाही. फेव्हिकॉल सुकून कडक होतो, तर व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन धातूला गंजवते. दोन्ही या कामाला नकोत.

फोमची रिंग बदलताना खरी कसोटी मोजमापात आहे. कोनचा व्यास, फ्रेमचा आतला आणि बाहेरचा व्यास, तसेच फोमच्या वळणाची रुंदी कागदावर लिहून घ्यावी आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाताना तोच कागद सोबत न्यावा. केवळ ‘१२ इंची’ एवढ्यावर मिळालेली जाड, ताठ रिंग वूफरचा मूळ स्वभाव बदलते. मूळ रिंग कोनच्या पुढून चिकटवली होती की मागून, हेही पाहून ठेवावे. जुना फोम आणि गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कागदी कोनला भिजवू न देता, संयमाने सोडवावा. इथे घाई केली की कोनची कड फाटते.

नवी रिंग पाण्यात मिसळणाऱ्या पांढऱ्या गोंदाने आधी केवळ कोनला चिकटवावी आणि वाळू द्यावी. त्यानंतर फ्रेमच्या कडेला गोंद लावून रिंग टेकवावी आणि गोंद ओला असतानाच कोन हळुवार आत-बाहेर करून कान लावून ऐकावे; कुठे घासल्याचा आवाज आला, तर कोन केसभर सरकवून पुन्हा ऐकावे. मनाचे समाधान होत नसेल, तर डस्ट कॅप कापून व्हॉइस कॉइल आणि मधला लोखंडी खांब यांच्या फटीत प्लास्टिकच्या पातळ पट्ट्या चहूबाजूंनी सारख्या बसवाव्यात आणि गोंद वाळल्यावरच काढाव्यात. २४ तास वूफरला हात लावू नये.

वर्षानुवर्षे एकाच बाजूने बसवलेल्या जड कोनमुळे आतला स्पायडर (कोनला मागून सावरणारी लवचीक चकती) किंचित खाली झुकतो, म्हणून वूफर परत लावताना तो १८० अंशांत फिरवावा. कपॅसिटरचा विषय शेवटी येतो: बासचा मार्ग मुख्यतः स्वर वाटून देणाऱ्या आतल्या सर्किटमधल्या कॉइलमधून जातो, त्यामुळे जुने कपॅसिटर बहुधा मधल्या आणि वरच्या स्वरांचा तोल बिघडवतात. स्क्रू समोरासमोरचे, आळीपाळीने, बेताने आवळावेत आणि दाबाची कसोटी घ्यावी. कोन सावकाश परत आला की जाळी लावून टाकावी.