फरशी फोडण्याआधी ती कुठली ते बघा

मिरजेत वडिलांनी शहाबादीवर दुकान सुरू केलं. आता भाऊ आणि मी तीन गावांत माल विकतो आणि त्यातला बहुतेक गुजरातेतल्या मोरबीच्या कारखान्यांचा असतो. गिऱ्हाईक येतं तेच विचारत, "जुनं सगळं उखडून दोन बाय दोन फुटी फरशी टाकायचीय, किती ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट) लागेल?" विकणाऱ्यानं म्हणू नये, पण मी आधी विचारतो, खाली आहे काय?

ओळखायला कपाट सरकवा, नाहीतर उंबऱ्यापाशी टवका उडालेली जागा शोधा. ओल्या फडक्यानं कड पुसा आणि तिरपी बॅटरी मारा. बघायचा तो फरशीचा छेद, वरचा चेहरा नव्हे.

जाडीभर एकच रंग दिसला तर दगड. करडी ती शहाबादी, कर्नाटकात कलबुर्गीकडची. शहाबाद मुंबई-मद्रास रेल्वेमार्गावर, त्यामुळे हा जड माल आपल्याकडे आणणं सोपं झालं. काळी ती आंध्रातली कडप्पा, ओट्यावर हमखास दिसते. हिरवट-निळसर कोटा राजस्थानातल्या रामगंजमंडीकडून येते. तिन्ही चुनखडीचे दगड. लिंबू सांडलं तरी डाग धरतात, मग ॲसिडनं धुवायचं नावच काढू नका. चमक गेली असेल तर कोटा घासून पुन्हा पॉलिश होते.

छेदात वर पाच-सहा मिलिमीटर रंग आणि खाली राखाडी सिमेंट दिसलं तर जरा थांबा. ही नक्षीची सिमेंट टाइल. पितळी साच्याच्या कप्प्यांत रंगवलेलं सिमेंट आणि संगमरवराची पूड हातानं ओतायची, साचा अलगद उचलायचा, पाठीमागे सिमेंट-वाळू भरून प्रेसखाली दाबायचं आणि मग पाण्यात मुरवायचं. भट्टीचं काम नाही. रंग खोलवर असल्यामुळे वर्षानुवर्षं पावलं पडूनही नक्षी टिकते. पूर्वी बड्या इमारतींत विलायती भाजक्या मातीच्या टाइल यायच्या. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात मिंटन या इंग्लिश कंपनीच्या आजही पायाखाली आहेत. 1922 साली फिरोजशा सिधवा आणि त्यांचा पुतण्या रुस्तम यांनी स्वदेशीच्या भरात मुंबईत भारत टाइल्स काढली, कारखाना उरणला. तुमची त्यांचीच असेल असं नाही, अशा टाइल पुढे बऱ्याच कारखान्यांनी केल्या. एखादी सुटलेली सापडली तर उलटून बघा, कधीकधी पाठीवर नाव दाबलेलं असतं.

सिमेंटात पांढरे-काळे-तांबडे खडे दिसले की मोझेक. चाळी, सरकारी क्वार्टर, शाळा, सगळीकडे हीच. मळकट दिसते म्हणून लोक उखडतात, मला ते पटत नाही. घासाईचं मशीन खरखरीत घासदगडापासून बारीक घासदगडापर्यंत फिरवलं की खडे पुन्हा उघडे पडतात. त्या दिवसांत घरात चिखलच चिखल होतो, तेवढी तयारी ठेवा. दाराच्या चौकटींना खालून प्लास्टिक चिकटवायला सांगा, गवंडी आपणहून करत नाही.

लाल किंवा पांढऱ्या मातीवर कागदासारखा काचेचा थर असेल तर सिरॅमिक. तो थर झिजला की घासून उपयोग नाही, ती खुशाल बदला.

जुन्यावरच नवी चिकटवायची असेल तर आधी नाण्यानं टकटक करत फिरा. पोकळ आवाज आला ती फरशी सुटलेली, तिच्यावर काही टिकणार नाही. शिवाय जमीन अर्धा-पाऊण इंच वर येते, दारं खालून तासावी लागतात आणि न्हाणीघराचा उतार बिघडतो.

नक्षीच्या चार-दोन टाइल फुटल्या असतील तर बाजारात जोड शोधत बसू नका, रंग जुळत नाही. पलंगाखालच्या किंवा कपाटाखालच्या काढा. सांधे कटरनं चारी बाजूंनी मोकळे करा, छिन्नी आडवी धरून खालच्या चुन्यात हळूहळू सरकवा, वरून ठोकू नका. पाठीचा चुना खरवडून टाइल रात्रभर पाण्यात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी दर्शनी भागात बसवा. कपाटाखाली साधं सिमेंट चालतं.