विसरभोळ्या आजीचे दात घासताना

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला ब्रश हातात दिला तरी त्याचं काय करायचं ते सुचत नाही. म्हणून वेळ ठरवा: सकाळच्या चहानंतर आणि रात्री झोपण्याआधी. घरी अहिराणी बोलत असाल तर सूचनाही अहिराणीतच, एका वेळी एकच.

खुर्चीत ताठ बसवा, मान किंचित पुढे. मागे झुकवली तर ठसका लागतो. तुम्ही बाजूला उभे राहा. मऊ ब्रश, वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट. ब्रश त्यांच्याच हातात द्या, वरून तुमचा हात धरा. हिरडीच्या कडेने हळू, साधारण दोन मिनिटं. दातांमध्ये बोट घालू नका, चावा बसतो. ब्रशच चावून धरला तर ओढू नका. गालावरून हात फिरवत थांबा, जबडा सुटतो. फारच विरोध झाला तर अर्ध्या तासाने पुन्हा.

कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, शेव यांचा लगदा गालाच्या खोबणीत तासन्‌तास साठतो. जेवणानंतर टॉर्च लावून बघाच.

कवळी रात्री काढून, घासून साध्या पाण्यात ठेवा. गरम पाण्याने ती वाकते. धुताना बेसिनमध्ये टॉवेल अंथरा, पडली तर फुटते.

दुखतंय हे त्या सांगणार नाहीत. भाकरी नाकारणं, गाल चोळणं, कवळी उपसून टाकणं, ही त्यांची तक्रार. मिश्रीची, म्हणजे भाजलेली तंबाखू दातांना लावायची, सवय असेल तर तोंडात पांढरा-लाल चट्टा किंवा जखम शोधा. दोन आठवड्यांत बरी झाली नाही तर दंतवैद्याकडे न्या.