वाईला एका दिवसात जाताना: आधी मेणवली, मग गणपती घाट

पुण्याहून वाई साधारण ९० किलोमीटर. खंबाटकी घाट संपला की सुरूर फाट्याला महामार्ग सोडायचा. सकाळी साडेसहापर्यंत निघा. शनिवार-रविवारी पाचगणी-महाबळेश्वरची सगळी गर्दी वाईतूनच पसरणी घाटाकडे जाते आणि उशीर झाला की गावातच अडकायला होतं.

त्यामुळे गावात न थांबता थेट ३ किलोमीटरवरच्या मेणवलीला जा. नाना फडणवीसांच्या वाड्यातली भित्तिचित्रं शांतपणे बघायला सकाळच हवी. वाड्यामागच्या घाटावर १७३९ च्या वसईच्या विजयानंतर आणलेली पोर्तुगीज घंटा आहे. तिच्यावरचं मेरी आणि बाळ येशूचं चित्र मुलांना शोधायला सांगा.

साडेदहाच्या आत वाईच्या गणपती घाटावर या. मंदिरात चप्पल काढावी लागते आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी फरशीचे चटके बसतात. मुलांना जाड मोजे घाला, पण ते घाटावर उतरताना काढाच, ओल्या दगडावर मोजे घसरतात. ढोल्या गणपतीचं दर्शन झालं की मंदिराच्या मागे अवश्य जा. ती भिंत माशासारखी निमुळती बांधली आहे, म्हणजे पुराचं पाणी दोन्ही बाजूंना फाकतं. १७६२ चं हे शहाणपण बघितल्याशिवाय परतू नये.

पावसाळ्यात धोम धरणातून विसर्ग सुरू असेल तर पाणी बघता बघता चढतं. शेवाळलेल्या खालच्या पायऱ्यांवर मुलांना उतरू देऊ नका.