माणदेशातील सामूहिक परसबाग: आधी मे महिन्याच्या पाण्याचा हिशेब

माण, खटाव, आटपाडी आणि जत हे तालुके पर्जन्यछायेत येतात. हा प्रदेश वाळवंट नाही, तरीही चाळिशीला टेकणारे तापमान, कोरडा वारा आणि पाणी धरून न ठेवणारी मुरमाड जमीन यांमुळे उन्हाळ्यात भाजी पिकवणाऱ्यासमोरच्या अडचणी वाळवंटातल्यासारख्याच असतात. म्हणून बचत गटाने, शाळेने किंवा वस्तीवरच्या चार घरांनी मिळून बाग करायचे ठरवले, तर जागा किती मिळते हे पाहण्याआधी मे महिन्यात रोज किती पाणी खात्रीने मिळेल, हे लिहून काढावे.

कडक उन्हाळ्यात उघड्या वाफ्याला दर चौरस मीटरला रोज सुमारे ५ ते ६ लिटर पाणी लागते, म्हणजे एका गुंठ्याला ५०० ते ६०० लिटर. टँकरची वाट पाहणाऱ्या गावात एवढे पाणी भाजीसाठी मागणे योग्य नाही. सावली आणि आच्छादन यांनी ही गरज निम्म्याच्या आसपास आणता येते. तरीही उन्हाळ्यात पाव गुंठाच चालू ठेवावा आणि उरलेली जागा पावसाळी व हिवाळी भाज्यांसाठी राखावी, असे माझे स्पष्ट मत आहे. १०० चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १०० लिटर पाणी मिळते. शाळेच्या किंवा समाजमंदिराच्या छपराला पन्हळ लावून १०,००० लिटरची झाकलेली टाकी परतीच्या पावसात भरून घेतली आणि फेब्रुवारीपर्यंत तिला हात लावला नाही, तर पाव गुंठ्याला रोज ७५ लिटरप्रमाणे ते पाणी चार महिन्यांहून अधिक पुरते.

मुरमाड जमिनीत वाफे उंच न करता वीतभर खोल करावेत आणि कडेने मातीचा वरंबा घालावा, म्हणजे वारा थेट मातीला लागत नाही व पाणी मुळाशीच राहते. अमेरिकेच्या न्यू मेक्सिकोतील झुनी लोक अशाच बांधबंदिस्त चौकोनी वाफ्यांत पिके घेत आले आहेत. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत मात्र हे करू नये, कारण तेथे पाणी साचून मुळे कुजतात. खणलेल्या मातीत कुजलेले शेणखत भरपूर मिसळावे आणि वर उसाचे पाचट, बाजरीचे सरमाड किंवा भुईमुगाची टरफले यांचा चार बोटे जाड थर द्यावा.

वेलांसाठी मडक्याचे सिंचन सर्वांत किफायतशीर ठरते. झिलई नसलेले, पाच-सहा लिटरचे, रंग न दिलेले मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून त्याभोवती वीतभर अंतरावर दोडका, दुधी किंवा तांबड्या भोपळ्याच्या तीन-चार बिया टोकाव्यात आणि तोंडावर झाकणी ठेवावी. भोवतालची माती सुकेल तसे पाणी पाझरते. त्यामुळे दोन-तीन दिवसांनी मडके भरले तरी चालते.

पश्चिमेला शेवगा व हादगा लावावा. मार्चपासून वाफ्यांवर ५० टक्के सावलीची शेडनेट बांधावी. उन्हाळ्यात गवार, भेंडी, चवळी आणि राजगिरा यांवर भर द्यावा. टोमॅटोची फुले पारा ३५ अंशांच्या वर गेला की गळू लागतात, तेव्हा त्याची लागण हिवाळ्यातच उरकावी.

नव्या बागेची सुरुवात उन्हाळ्यात करू नये. कुंपण व खणणे जूनमध्ये, पहिली पेरणी सप्टेंबरच्या पावसावर, हा क्रम या भागाला मानवतो. कोणत्या घराने कोणत्या दिवशी पाणी द्यायचे, हे सुरुवातीलाच वहीत लिहावे आणि लग्नसराईत व यात्रेत पाळी कोणी सांभाळायची, तेही ठरवावे, कारण मे महिन्यात दोन दिवसांच्या खाड्याने कोवळी रोपे जातात. पाणी सकाळी ऊन चढण्याआधी द्यावे. प्रत्येक भाजीची दोन निरोगी झाडे न तोडता बियांसाठी राखावीत, त्यांना चिंधी बांधून ठेवावी आणि वाळलेले बी राखेत घोळून पुढच्या हंगामासाठी सर्व घरांत वाटून ठेवावे.