भेग बुजवण्याआधी तिची नोंदवही उघडा

जुन्या वास्तूच्या भिंतीत भेग दिसली की लगेच सिमेंट भरायची घाई होते. थांबा. आधी ती भेग ‘जिवंत’, म्हणजे अजून हलणारी आहे की कधीच थांबलेली, हे कळायला हवं. आत धूळ, जुना रंग, कोळ्याची जाळी असेल तर ती बहुधा जुनी. कडा स्वच्छ आणि धारदार असतील तर संशय घ्या.

भेगेवर काचपट्टी चिकटवण्याची पद्धत जुनीच, पण काच तुटली की हालचाल झाली एवढंच समजतं. किती झाली, कुठल्या दिशेला, ते नाही. त्यापेक्षा भेगेच्या एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक, असे त्रिकोणात तीन छोटे स्क्रू बसवा. तेही दगडात नाही, चुन्याच्या सांध्यात. कोरीवकामाला किंवा चित्राला तर हातच लावू नका. दर महिन्याला, शक्यतो त्याच वेळी, व्हर्नियर कॅलिपरने (बारीक अंतर मोजायच्या उपकरणाने) स्क्रूंमधली तिन्ही अंतरं मोजा. शेजारी तारीख आणि तापमान लिहा. फोटो त्याच जागेवरून, मोजपट्टी ठेवून.

निदान किमान वर्षभराने. ऋतूंबरोबर भेगा उघडतात, मिटतात. तीन महिन्यांच्या आकड्यांवर पाया खचल्याचा निष्कर्ष काढू नका. भिंत फुगलेली किंवा कललेली दिसत असेल तर मात्र वाट न पाहता अभियंत्याला बोलवा.